वाळूचं जाकीट

डोंगर पहिल्यांदा कारखान्याच्या दारात उभा राहिला तेव्हा भर दुपारी आतले दिवे लावावे लागले. निदान पॉलिशवाला तसं शपथेवर सांगायचा, आणि पॉलिशवाल्याने शपथ घेतली की त्यातलं निम्मं खरं धरायला हरकत नसायची. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी सावली आत आली, मग पोट आलं, आणि मग बऱ्याच वेळाने, एवढ्या सगळ्याचा मालक कोण ते बघायला यावं तसा, माणूस आला. लाकडाच्या वखारीतला हमाल होता तो. खांद्यावर बारा लांबलचक फळ्या होत्या, पण त्या खांद्यावर त्या दातकोरण्यांसारख्या दिसत होत्या.

कारखाना खुर्च्यांचा. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबोडकी शेड, सहा सुतार, एक पॉलिशवाला आणि वेताच्या बैठका विणणारी एक बाई. तिला सगळे वेतवाली म्हणत. वेतवालीने दोन दिवस खपून विणलेली एक खुर्ची दाराशी वाळत ठेवली होती. डोंगराने फळ्या उतरवल्या, "हुश्श" केलं आणि तो त्या खुर्चीत बसला. दोन दिवसांचं काम त्या एका "हुश्श"मध्ये गेलं. तो बैठकीतून आरपार खाली गेला आणि मध्येच अडकला. गुडघे नाकाला लागलेले, पाय हवेत, चारी बाजूंनी खुर्चीची चौकट. समोरच्या दुकानदाराने आवाज ऐकून शटर ओढून घेतलं म्हणे.

"अहो, डोळे आहेत का शर्टाची बटणं?" वेतवाली ओरडली.

डोंगराने गुडघ्यांच्या मधून तिच्याकडे पाहिलं. "बाई, खुर्ची फार सुंदर आहे. फक्त मनाने जरा हळवी आहे."

चौघांनी मिळून त्याला ओढून काढला. पाचवा असता तर काम लवकर झालं असतं, पण पाचवा पॉलिशवाला होता आणि तो जमिनीवर लोळून हसत होता. एकटे मालक हसले नाहीत. मालकांना सगळे काका म्हणत. टेपपट्टीसारखा सडपातळ माणूस, आणि टेपपट्टीसारखाच सतत काहीतरी मोजत असायचा. काकांनी मोडकी खुर्ची उलटी करून पाहिली, डोंगराला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, "उद्यापासून इथे येत जा."

"काय करायला?"

"बसायला."

अशी त्याला नोकरी लागली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खुर्चीवर आधी डोंगर बसायचा. पाठ टेकायचा, मागच्या दोन पायांवर झुलायचा, कमरेने डावीकडे-उजवीकडे हिसके द्यायचा आणि डोळे मिटून सांधे काय बोलतात ते ऐकायचा. कुरकुर ऐकू आली की खुर्ची परत सुताराकडे. नाही आली तर ती उलटी करून खाली खडूने एक त्रिकोण काढायचा. डोंगराचा शिक्का. काका गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचे, "एकशे बासष्ट किलो बसून गेलेत हिच्यावर. तुमचे पाहुणे काय तोडणार?" गिऱ्हाइकं दुकानात शिरली की आधी वाकून खुर्च्यांची बुडं बघायची.

दोन वर्षं तो वेतवालीच्या खुर्च्या मोडत राहिला आणि ती त्याचा उद्धार करत राहिली. तिसऱ्या वर्षी तिची वीणच अशी घट्ट झाली की एकही मोडेना. भांडायला कारण उरलं नाही, म्हणून दोघांनी लग्न केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार थाटला. तिथलं सगळं फर्निचर अर्थातच त्रिकोणवालं.

बारा वर्षं बरी गेली. डोंगर खायचा, हसायचा, आणि काही बिनसलं की पुन्हा खायचा. काकांशी वाजलं, अर्धा डझन अंडी. ताईचा, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा, टोचून बोलणारा फोन आला, एक अख्खा पाव. मूल झालं नाही ह्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही, पण ज्या दिवशी डॉक्टरांनी ते पक्कं सांगितलं त्या दिवशी तो टेबलाशी तीन तास बसून होता आणि वेतवाली एकामागून एक ताटली भरत होती. इतर माणसं दारं आपटतात, आसवं गाळतात. डोंगराचं सगळं पोटात जायचं, अक्षरशः.

मग गुडघे गेले, साखर वाढली, तिसरा मजला चढताना दोन ठिकाणी मुक्काम होऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहत सांगितलं, "असेच राहिलात तर पन्नाशी दिसायची नाही." तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता. डोंगर म्हणाला, "पन्नाशीत बघण्यासारखं असतं तरी काय?" पण वेतवालीला हसू आलं नाही. जठर कापून लहान करायचं ऑपरेशन असतं हे तिनेच विचारून काढलं, तिनेच तारीख घेतली, तिनेच त्याला ओढत नेलं. तिला तो जिवंत हवा होता. ह्या सगळ्या प्रकरणात तिचं मागणं एवढंच होतं, आणि ते लक्षात ठेवलेलं बरं. कारण पुढे तिने जे केलं त्यावरून माणसं तिला अजून नावं ठेवतात.

ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता, "तुमची मानसिक तयारी झाली आहे का?" डोंगराने नर्सकडे पेन मागितलं आणि लिहिलं, "माझी झाली आहे. पोटाला विचारून घ्या." नर्स हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, आणि हसण्याच्या भरात फॉर्म फाइलमध्ये गेला.

आत उरलं ते अंड्याएवढं पोट. चार चमचे सूप घेतलं की संपलं जेवण. पाचवा घेतला की घाम, धडधड, उलटी. वजन असं उतरू लागलं की पॉलिशवाला म्हणाला, "वहिनी, ह्याच्या खिशात दगड ठेवा, वाऱ्याने जाईल." वर्षाच्या आत सत्तर किलो गेले. साखर ताळ्यावर आली. गुडघे मुके झाले. तिसरा मजला तो एका दमात चढू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी-शेजारी लावून भिंतीवर टांगले.

गंमत म्हणजे दरवाजातून जाताना डोंगर अजूनही तिरका व्हायचा. सताड उघड्या दारातून, जिथून हातगाडी गेली असती तिथूनही, तो पोट आत ओढून आडवा सरकायचा. बसमध्ये जागा असली तरी उभा राहायचा, शेजारच्याला त्रास नको म्हणून. वेतवालीने एकदा हसत त्याला आरशासमोर उभा केला. "बघा तरी, कसे दिसताय!"

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दिसतोय की," तो म्हणाला. "तेवढाच तर आहे."

तिला वाटलं, विनोद केला. विनोद नव्हता तो. आणि खरी भीती ह्याच्या पुढची होती. डोंगराच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी नांदत होत्या: आपण अजून तेवढेच आहोत, आणि आपण नाहीसे होत चाललो आहोत. दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील, असं तुम्ही-आम्ही म्हणू. तो म्हणत नव्हता.

रस्त्यात आता कुणी त्याच्यासाठी बाजूला होईना. पूर्वी गर्दी फाटायची, आता खांदे लागायचे. जो भेटेल तो म्हणायचा, "काय मस्त दिसताय हो आता!" तो विचारायचा, "आणि आधी?" समोरचा गडबडायचा. पॉलिशवाल्याचे विनोदही आटले, कारण त्यांना टेकायला जागाच उरली नव्हती. एकदा जेवणाच्या सुट्टीत, डब्यातलं अर्धं केळं हातात धरून, त्याने बायकोला विचारलं, "खरं सांग, तुला मी आधी आवडायचो की आता?"

"आता," वेतवाली म्हणाली.

तिने फार पटकन सांगितलं. तिच्या खांद्याला त्याचं हाड लागायचं, कुशीत एक अनोळखी पुरुष आहे असं वाटून ती दचकायची, हे ती कशाला सांगेल? डोंगराने मान हलवली आणि केळं कागदात गुंडाळून ठेवलं. त्याला सांध्यांची कुरकुर ऐकायची सवय होती. इतक्या वर्षांत त्याच्या कानाने एकही कच्ची खुर्ची सोडली नव्हती.

दर दुसऱ्या बुधवारी अशा ऑपरेशन झालेल्यांची एक बैठक भरायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "औषध चुकलं तर चालेल, ही चुकवू नका." तो एकदाच गेला. "सगळे गोल बसतात," तो परत येऊन म्हणाला, "आणि आपापल्या जुन्या फोटोंकडे बघून उसासे टाकतात. आणि खुर्च्या इतक्या रद्दी, मी उभाच राहिलो." पुन्हा गेला नाही.

आता कामाचं बघा. नव्वद किलोच्या माणसाने त्रिकोण काढायचा म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच. काकांनी चहा मागवून, खोकून, टेपपट्टी तीनदा उघडून-मिटून विषय काढला. "मी काय म्हणतो, तू आता गल्ल्यावर बस. पंख्याखाली. बसण्यासाठी एखादं यंत्र आणू."

"यंत्र ऐकतं का काका? सांधे ऐकतं?"

"तसं नाही रे..."

"मग मीच बसणार."

तोडगा पॉलिशवाल्याने काढला. वाळूची पोती. डोंगर खुर्चीवर बसायचा आणि दोघं जण त्याच्या मांडीवर पोती रचायचे, एकशे बासष्ट भरेपर्यंत. पोती घसरायची. एक त्याच्या पावलावर पडलं आणि अंगठा काळानिळा झाला. ते पाहून वेतवालीचा जीव कळवळला, आणि तिने ती चूक केली. गाद्यांच्या जाड कापडाचं एक जाकीट शिवलं. पुढे बारा खिसे, मागे बारा, प्रत्येक खिशाला झाकण, प्रत्येक खिशात किलोभर वाळू. चोवीस किलो अंगावर, बाकीची पोती मांडीवर. म्हणजे निदान पडायची कमी. चार रविवार खपली ती त्या जाकिटावर. खांद्याला काचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं. एवढ्या मायेने तिने आयुष्यात एकही खुर्ची विणली नव्हती.

पहिल्या दिवशी काम संपलं, सगळ्यांनी हात धुतले, आणि डोंगर जाकीट अंगात ठेवूनच घरी निघाला.

"अहो, ते काढा की."

"राहू दे." तो जिना चढत होता. बऱ्याच दिवसांनी त्याला धाप लागली होती आणि बऱ्याच दिवसांनी तो हसत होता. "अगं, किती बरं वाटतंय सांगू? पाय जमिनीला लागतायत."

वेतवाली दोन पायऱ्या मागे होती. ती तिथेच थांबली.

त्यानंतर जाकीट कारखान्यापुरतं राहिलं नाही. आधी जेवताना अंगावर राहिलं, मग रविवारी पेपर वाचताना, मग दुपारी आडवं झाल्यावर. कूस बदलली की खिशांतली वाळू सरकायची, सर्र, आणि थांबायची. घरभर वाळू झाली. चादरीत वाळू, चहाच्या कपाच्या तळाशी वाळू, कंगव्यात वाळू. ती केर काढायची आणि सुपलीतल्या वाळूकडे बघत उभी राहायची. ताईचा फोन आला तेव्हा तिने हसण्यावारी नेलं: "अहो ताई, तुमचा भाऊ चालता-फिरता समुद्रकिनारा झालाय." ताई हसल्या नाहीत. "तुला हौस होती ना त्याला बारीक करायची," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंची तारीख त्याने चुकवली. पुढचीही. वेतवाली एकटीच जाऊन आली. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हाडं कमजोर झालेली असतात ह्यांची. पोटात अन्न जात नाही, त्यात हे ओझं. त्यांना घेऊन या. पोटाच्या डॉक्टरकडे नाही, मनाच्या. उद्याच आणा."

उद्या तो आला नाही. "मला काय झालंय?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू म्हणालीस कापा, कापलं. आता म्हणतेस डोकं दाखवा. उद्या काय काढायला सांगशील?"

मग तिने स्वतःची एक युक्ती केली. एकदम काढून घेतलं तर तो बिथरेल, म्हणून हळूहळू. सकाळी तो आंघोळीला गेला की जाकीट दाराच्या खुंटीवर असायचं. दिवसात तेवढीच वीस मिनिटं. ती चमचा घेऊन यायची आणि प्रत्येक खिशातून एकेक चमचा वाळू काढायची. चोवीस खिसे, चोवीस चमचे. डब्यात भरून खिडकीतल्या कुंडीत ओतायची. आज चमचाभर, उद्या चमचाभर. तीन-चार महिन्यांत जाकीट नुसतं कापडाचं राहील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. विणणारीचं डोकं ते. एकेका टाक्याने सगळं होतं, तसंच एकेका टाक्याने सगळं उसवताही येतं.

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आंघोळ झाली की डोंगर जाकीट घालून वजनकाट्यावर उभा राहायचा. रोज. आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायचा. ती चौकट तिला दिसत होती, आकडा दिसत होता, पण तिला वाटायचं की तो कारखान्याचाच कसलातरी हिशोब असेल. तो होता एकशे चौदा. मग एकशे तेरा. मग एकशे साडेबारा.

तिसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, तिरका. चेहरा पांढराफटक.

"मी पुन्हा उतरतोय," तो म्हणाला.

"काय?"

"डॉक्टरीण म्हणाली होती, थांबेल. थांबत नाहीये. रोज थोडा थोडा जातोय मी. चार किलो गेले. माझ्यात आता चार किलो जायला उरलेत तरी का?" त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि तळव्यांकडे असा पाहू लागला, जणू त्यांच्यातून पलीकडचं दिसतंय.

तिच्या हातात तोच चमचा होता. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिने चमचा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "काटा बिघडला असेल. नवीन आणू."

त्या दिवसापासून तो जबरदस्तीने खाऊ लागला. पाच चमचे, सहा चमचे, भिंतीला टेकून घाम पुसत सातवा. मग न्हाणीघरात जाऊन सगळं बाहेर. खाल्लेलं राहत नव्हतं आणि न खाल्लेलं सहन होत नव्हतं. ती वाळू काढायची थांबली. परत घालायचीही तिला छाती झाली नाही, कारण आकडा चढला तर तो काय समजेल? रोज ती ठरवायची, उद्या सांगते. रोज त्याच्या तोंडाकडे बघून ती ओटा पुसायला लागायची.

एका सकाळी तिने खुंटीवरचं जाकीट नुसतं सरळ करायला हात लावला, आणि ते तिच्याने हललं नाही. तिने एका खिशाचं झाकण उघडलं. वाळू नव्हती. लोखंडाच्या चकत्या होत्या, सुतारांच्या पेटीतल्या. दुसऱ्या खिशात खिळे. तिसऱ्यात तुटक्या बिजागऱ्या. चोवीसच्या चोवीस खिसे लोखंडाने गच्च भरले होते, आणि मागच्या बाजूला, तिच्या टाक्यांच्या खाली, त्याने स्वतःच्या हाताने आणखी चार खिसे शिवले होते. वेडेवाकडे, जाड दोऱ्याने.

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. ती जाकिटाशी तशीच उभी राहिली. तो बाहेर आला, केस निथळत होते.

"काय बघतेस?"

"मीच काढत होते," ती म्हणाली. "वाळू. रोज चमचा-चमचा. तुम्ही उतरत नव्हता. मी काढत होते. काटा बरोबर होता, आकडाही बरोबर होता."

डोंगर हसला. किती महिन्यांनी हसला, आणि तिला क्षणभर वाटलं, सुटलो. मग हसणं थांबलं आणि चेहरा मात्र तसाच राहिला.

"म्हणजे रोज सकाळी," तो म्हणाला, "तू थोडं थोडं मला काढत होतीस."

"वाळू काढत होते हो. तुम्हाला नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा म्हणालीस, काटा बिघडलाय."

"घाबरले होते मी!"

"मी पण," डोंगर म्हणाला. "पण मी तुला सांगायला आलो होतो." त्याने जाकीट खुंटीवरून काढलं, एकेक हात घालून अंगात चढवलं, सगळी झाकणं नीट बंद केली आणि तो कामाला गेला. नाश्ता तसाच राहिला. आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं, हे त्याच्याखेरीज एकट्या तिलाच माहीत होतं.

ती धावत मागे निघाली, पण चपलेचा पट्टा तुटला, मग वाटेत सिग्नल लागला, आणि ती कारखान्यात पोहोचली तेव्हा तो बसलेला होता. एका उपाहारगृहाच्या उंच खुर्च्यांची ऑर्डर होती; लांब पायांच्या, कमरेएवढ्या. डोंगर त्यातल्या पहिल्या खुर्चीवर होता, पाय लोंबकळत. काका समोर टेपपट्टी घेऊन उभे. पॉलिशवाला त्याच्या मांडीवर पोतं ठेवत होता.

"अजून एक," डोंगर म्हणाला.

"बास की रे," पॉलिशवाला जाकिटाची कड उचलून बघत म्हणाला. "अंगावर काय घातलंयस तू आज? हे तर उचलवत नाही."

"एकशे बासष्ट भरले का?"

"भरले, भरले. वर दहा गेले असतील."

"मग गप्प बस. ऐकू दे."

सगळे गप्प बसले. रंधे थांबले. डोंगराने डोळे मिटले, मागच्या पायांवर झोका घेतला, डावीकडे हिसका दिला, उजवीकडे दिला. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. वेतवाली दारात उभी होती आणि त्याच्या कपाळावर घामाचे मोठाले थेंब येताना तिला दिसत होते. हाक मारायला तिने तोंड उघडलं.

"आवाजच येत नाही," डोंगर म्हणाला. "काका, मला काहीच ऐकू येत नाही." आणि तो बसल्या जागेवरून एका कुशीवर कलंडला.

पोती आधी पडली, मग तो पडला. अंगावर पस्तीस किलो लोखंड घेऊन, कमरेएवढ्या उंचीवरून, फरशीवर. हाड मोडल्याचा आवाज सुताराला ओळखता येतो, लाकडासारखाच असतो. खुर्ची एकदा डुगडुगली आणि चारी पायांवर स्थिर उभी राहिली. पॉलिशवाल्याच्या तोंडून, कुणाला कळायच्या आत, त्याला स्वतःलाही, निघून गेलं, "पास!" आणि मग तो तोंडावर हात ठेवून रडायला लागला.

खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. इस्पितळात जाकीट कात्रीने कापून काढावं लागलं. नर्सने लोखंड तीन बादल्यांत भरून पलंगाखाली ठेवलं, आणि हे कुणाचं, असं वेतवालीला विचारलं. मनाचे डॉक्टर आता रोज येऊ लागले. तरुण, शांत, गृहस्थासारखे गृहस्थ. ते पडदा ओढून त्याच्याशी तासभर बोलायचे आणि ती पडद्याबाहेर स्टुलावर बसायची. पाचव्या दिवशी ते बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसले.

"सुधारणा आहे. बोलतायत, रडतायत. थोडं थोडं खातायत आणि खाल्लेलं टिकतंय. एक सांगायचं होतं. तुम्ही ताटली घेऊन आत जाता तेव्हा ते खात नाहीत. ते मला म्हणाले, तिच्या हातचं नको. त्यातून काय काढून घेतलंय ते कळत नाही."

"मी काही काढत नाही हो आता."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांनाही माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही, त्यालाच तर आम्ही आजार म्हणतो. तूर्त ताटली त्यांच्या बहिणीला नेऊ द्या."

ताई ताटली नेऊ लागल्या. चाळिसाव्या दिवशी त्याला घरी सोडलं, तेव्हा तिसरा मजला त्याला चढवणार नव्हता, आणि ताईंचं घर तळमजल्यावर होतं. वेतवालीने त्याचे कपडे पिशवीत भरून दिले. गाडीत बसताना डोंगराने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू खूप केलंस माझ्यासाठी." आवाजात राग नव्हता. ताईंनी दार ओढून घेतलं.

तो तिथे सुधारला. बैठकीला दर दुसऱ्या बुधवारी जाऊ लागला, काठी टेकत, आणि तिथे म्हणे सगळ्यांना हसवतो. वजन ब्याऐंशीवर स्थिरावलं. दारातून सरळ जातो. हे सगळं तिला पॉलिशवाल्याकडून कळायचं, आणि ती हातातला वेत न थांबवता ऐकायची. तिने तीनदा फोन केला. तीनही वेळा ताई म्हणाल्या, "तो बरा आहे. तुला तेच हवं होतं ना?"

तो ताईंकडे गेल्यापासून अकराव्या महिन्यात त्याच्या सहीचे घटस्फोटाचे कागद आले. सुनावणी सात मिनिटांत आटोपली.